तीन नंबरचा हात

"सोडू का?"

"सोड."

नोकरीची सगळी वर्षं मी हा प्रश्न विचारत आलो आणि हे उत्तर ऐकत आलो. दिवाळी अंकासाठी पंपहाऊसवरचे अनुभव लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा आमची मंडळी म्हणाली, "त्यात काय लिवायचं? बटण दाबलं, पाणी चढलं. झालं." तिचं खोटं नाही. पण बटण दाबायच्या आधी विचारावं लागायचं, आणि ज्याला विचारावं लागायचं त्याची ही हकीकत आहे.

उपसा योजना ज्यांनी पाहिलेली नाही त्यांना आधी थोडं सांगतो. आमच्या सांगली जिल्ह्यात कृष्णा पश्चिमेला, खाली वाहते. पूर्वेकडचा मुलूख उंच आणि कोरडा. पाणी काही आपल्या पायानं टेकडी चढत नाही. म्हणून नदीकाठी मोठाले पंप बसवायचे, पाणी पाइपातून वर फेकायचं आणि तिथून कालव्यात सोडायचं. तो कालवा पुढच्या टेकडीच्या पायथ्याला एका मोठ्या हौदात येतो. तिथं परत पंप, परत चढण. आमच्या योजनेला असे तीन टप्पे. मी एक नंबरला, पलूस तालुक्यात, नदीकाठी. तीन नंबर पार वर माळावर.

आता अडचण अशी, की तीन नंबरचा हौद भरलेला असताना मी खालून पाणी सोडत राहिलो तर कालवा फुटणार, आणि कडेचा शेतकरी कुऱ्हाडीचा दांडा घेऊन आमची चौकशी करायला येणार. हौद रिकामा असताना मी नाहीच सोडलं तर वरचे पंप हवा ओढून तापणार. म्हणून वरच्याला विचारल्याशिवाय खालच्यानं बटणाला हात लावायचा नाही, हा नियम. त्यासाठी योजनेचा स्वतःचा फोन होता. काळा, डायल नसलेला. दांडी फिरवली की तिकडे घंटा वाजायची. दोन नंबरला माणसं सारखी बदलायची, पण तीन नंबरला फोन उचलायचे ते कायम हवालदारच.

हवालदार म्हणजे खरोखरचे हवालदार. फौजेतून रिटायर होऊन आमच्याकडे पंप ऑपरेटर म्हणून लागलेले. गाव कुंडल, घरचा ऊस, घरासमोर बारमाही पाणी. आणि मी धनगराचा. आमच्या वाडवडिलांचं आयुष्य मेंढरांमागं पाणी हुडकत हिंडण्यात गेलं. गाव तीन नंबरच्याही पलीकडे, कालव्याच्या शेपटाला. तर आमच्या खात्याचा न्याय बघा. ज्याच्या दारात पाणी, त्याला उजाड माळावर टाकलं आणि ज्याच्या सात पिढ्यांनी नदी लांबून बघितली, त्याला नदीच्या मांडीवर आणून बसवलं. बदलीसाठी आम्ही दोघांनी अर्ज केले होते. ते कुठल्या हौदात पडले देव जाणे.

पण त्यातून एक झालं. माझ्या गावाच्या जवळ हवालदार होते आणि त्यांच्या गावाच्या जवळ मी. मग फोनवर "सोडू का, सोड" झालं की खरी बोलणी सुरू व्हायची.

"म्हाळू, तुझ्या गावावर आभाळ आलंय बघ. पर पडंल असं वाटत न्हाई."

"आवं हवालदार, तुमच्या शिवारात तोड चालू झाली. गुऱ्हाळाचा वास हितवर येतोय."

"येतोय? मग दोन शब्द त्याच्यावर बोल की गड्या. आमाला हितं नुसता कुसळाचा वास."

आमच्या म्हाताऱ्याचं आजारपण मला आधी हवालदारांनी सांगितलं, कारण माझ्या गावची दुधाची गाडी त्यांच्या फाटकावरनं जायची. त्यांच्या थोरल्या मुलाला भरतीचं पत्र आलं ते मी त्यांना सांगितलं. इतकी वर्षं आम्ही असे बोललो, पण समोरासमोर भेटलो असू ते बोटांवर मोजण्याइतकं. पंप चालू असताना जागा सोडायची नाही आणि पंप बंद असताना घरी पळायचं, मग भेटणार कधी?

एक गोष्ट मात्र त्यांच्याकडून नेमानं यायची. झेंडूची फुलं. पंपाचा दांडा जिथून आत शिरतो तिथं एक दाट दोरी कोंबलेली असते, तिच्यातून थोडं पाणी ठिबकायलाच हवं, नाहीतर दांडा तापतो. सगळीकडे ते पाणी गटारात जातं. हवालदारांनी त्याला छोटा पाट काढून पंपहाऊसच्या मागं बाग केली होती. दोन लिंबं, एक शेवगा आणि झेंडू. आसपास मैलभर हिरवं पान दिसत नसताना तिथं झेंडू असा फुलायचा की जीपचा ड्रायव्हर म्हणायचा, "हवालदार, लगीन कुनाचं हाय?" खंडेनवमीला तिन्ही पंपहाऊसना फुलं त्यांच्याच बागेतली. बायको वारल्यावर आणि पोरं फौजेत गेल्यावर हवालदार सुट्टीलाही फारसे कुंडलला जाईनात. "हितनं हाललो तर झाडं वाळत्याल," म्हणायचे. रिटायर होईपर्यंत त्यांना तिथंच राहायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं त्यांचं.

आणि मग आलं सॉफ्टवेअर.

साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "आता तिन्ही टप्पे एका जागेवरून चालणार. एक नंबरला कंट्रोल रूम होईल. पाणी किती, दाब किती, कुठला पंप किती तापला, सगळं पडद्यावर दिसेल. माउसनं पंप चालू, माउसनं बंद. जो शिकेल तो राहील."

"आन जो शिकनार न्हाई?" कुणीतरी विचारलं.

"त्याची सांगलीच्या गोदामात सोय करू," साहेब म्हणाले. गोदामात म्हणजे गंजलेल्या पाइपांची राखण.

मला घाम फुटला, लाज कशाला बाळगू? मोबाइलवर फोटो बघण्यापलीकडं माझी मजल नव्हती. शिकवायला पुण्याहून प्रज्ञा मॅडम आल्या. आमच्या लेकीच्या वयाच्या, बोलायला चटपटीत, आणि हसायला लागल्या की थांबायच्या नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात माउस दिला. मी तो असा दाबून धरला की मॅडम म्हणाल्या, "काका, तो पळून जात नाही."

मग पासवर्ड. प्रत्येकानं आपापला ठेवायचा, कुणाला सांगायचा नाही, असं बजावून त्या चहाला गेल्या. परत येऊन बघतात तर एक नंबरच्या आम्हा चौघांचा पासवर्ड एकच, बिरोबा.

"हे बिरोबा कोण?"

"आमचा देव."

"अहो काका, पण सगळ्यांचा एकच कसा? गुप्त हवा ना तो!"

"देवापासनं काय लपवायचं मॅडम?" मी म्हटलं. त्या हसून हसून खुर्चीत बसल्या. पुढं प्रत्येकानं बिरोबाच्या मागं आपल्या बैलाचं नाव जोडलं. बैलाची नावं सगळ्यांना ठाऊक होती, पण ते आम्ही मॅडमना सांगितलं नाही.

खरा घोटाळा रंगांचा झाला. मॅडमनी पडद्यावर लुटुपुटूचा पंप उभा केला आणि म्हणाल्या, "पंप बंद पडलाय असं समजा. काय कराल?" मी बघतो तर पंप लालभडक. मी हाताची घडी घालून बसलो.

"काका, करा ना काहीतरी!"

"कशाला? चालू हाय की तो."

"लाल आहे तो!"

"म्हंजे चालूच की!"

तुम्हाला सांगतो, विजेच्या पॅनेलवर लाल दिवा म्हणजे वीज खेळतेय, पंप चालू, हात लावू नको. हिरवा म्हणजे बंद, खुशाल जा. आमची उभी हयात त्याच दिव्यांखाली गेली. आणि ह्या पडद्यावर सगळं उलटं. हिरवा म्हणजे फिरतोय, लाल म्हणजे थांबला. मॅडमनी तसं समजावून सांगितलं. डोक्याला कळलं, डोळ्यांना कळेना. कितीतरी दिवस सगळं हिरवंगार दिसलं की मी उठून पंपांकडं पळायचो, बंद पडले म्हणून. शेवटी मॅडमनी प्रत्येक पंपाखाली मराठीत 'चालू' आणि 'बंद' लिहून दिलं. तेव्हा कुठं रात्रीची झोप लागायला लागली.

पण एकदा जमल्यावर मात्र मला त्याची गोडी लागली. पडद्यावर नदीची एक आणि वरच्या दोन हौदांच्या दोन, अशा तीन रेघा सरकत असायच्या. पाणी चढलं की रेघ वर, उतरलं की खाली. बाप मेंढरांकडं बघून सांगायचा की कळप आज निवांत आहे का बिथरलाय. तसं मला त्या रेघांकडं बघून कळायला लागलं. मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळ ट्रेंड बघता." त्या रेघांना ट्रेंड म्हणतात.

हवालदार मात्र काही केल्या खाली शिकायला येईनात. "पंप चालू हाय, जागा सोडायची न्हाई," हा फौजी नियम पुढं करायचे. त्यांच्याकडंही भिंतीवर एक छोटा पडदा बसवला होता, बोटानं चालणारा. त्याच्यावर त्यांनी टॉवेल टाकून ठेवलेला. धूळ बसू नये म्हणून, असं म्हणायचे. आम्ही अजून रोज फोनवर "सोडू का, सोड" करत होतो. पडद्यावर हौद दिसत होता, तरी मी विचारत होतो. सवय, दुसरं काय.

त्या वर्षी पूर्वेकडं पावसानं तोंड फिरवलं म्हणून नवरात्रातच पाणी सोडलं. खंडेनवमीला पाळी होती आमच्याच गावाची. शेपटाचं गाव, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून, असं सदाचं नशीब. आणि आज पाणी येणार म्हणून माणसं सकाळपासून बांधावर बसलेली. मी पंपांना हळदकुंकू वाहिलं, हवालदारांनी पाठवलेले हार घातले, नारळ फोडला आणि पडद्यासमोर येऊन बसलो. बसतोय तोवर पडद्याची धोक्याची घंटी वाजायला लागली. तीन नंबरची रेघ एकदम आभाळाला भिडली होती. हौद पूर्ण भरला! आणि भरलेला हौद दिसला की खालचे पंप आपोआप थांबायचे, तसं ते धडाधड थांबले.

मी फोनची दांडी फिरवली. "आवं हवालदार, हौद वाहतोय का?"

"कशाचा वाहतोय? अर्ध्याला बी न्हाई. पानी का बंद केलंस?"

"मी न्हाई, यानं केलं. पडद्यावर पुरा भरलाय."

"म्हाळू, मी हौदावरनंच आलोय. हातच्या कंकणाला आरसा कशाला पायजे? तुझा पडदा खोटा हाय!"

इकडं पडदा, तिकडं जन्माचा सोबती, मधे मी. पंप परत चालू करायला गेलो तर सॉफ्टवेअर करू देईना, हौद भरलाय म्हणे. तोवर गावाकडून भावाचा फोन, "दादा, पानी अजून आलं न्हाई, आज सणाचं मस्करी करतुस व्हय?" शेवटी पुण्याला मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "काका, सेन्सरच्या खाली काही आलंय का ते बघायला सांगा."

सेन्सर म्हणजे हौदाच्या कठड्यावरून आत, पाण्यावर काढलेल्या लोखंडी पट्टीवर, तोंड खाली करून टांगलेलं तांब्याएवढं पांढरं डबडं. आपण विहिरीत ओरडलो की आवाज परत येतो ना, तसं ते आपल्याला ऐकू न येणारा आवाज खाली टाकतं आणि तो किती लवकर परत आला त्यावरून पाणी किती खाली आहे ते ओळखतं. मी दांडी फिरवून हवालदारांना विचारलं.

"शेन्सरखाली? कायबी न्हाई." मग जरा थांबून, "हार हाय फकस्त."

"कसला हार?"

"आरं, खंडेनवमी न्हाई का? सगळ्या मशिनींना घातला, मग त्यानंच काय घोडं मारलंय? नवा गडी हाय, पयलीच खंडेनवमी त्याची. चांगला जाड, लांब हार घातलाय."

बिचाऱ्या डबड्याच्या तोंडाखाली दोन हात लांब झेंडूचा हार लोंबत होता. ते ओरडत होतं आणि आवाज फुलांवर आपटून परत येत होता. त्याच्या हिशेबानं पाणी नाकापर्यंत आलेलं. त्याचं काही चुकलं नव्हतं. चूक आमच्या भक्तीची होती. हार काढला, रेघ खाली आली, पंप चालू झाले, आणि संध्याकाळी का होईना, आमच्या गावाला पाणी पोचलं.

मॅडम हसल्या, पण साहेब नाही हसले. दसऱ्यानंतर कंट्रोल रूममध्ये येऊन टेबलावर हात आपटून म्हणाले, "तीन नंबरला माणूसच नको! माणूस नाही तर हार नाही. हवालदारांना गोदामात पाठवा." माझं टाळकं सरकलं. म्हटलं, "साहेब, फुलं घातली, सुरुंग न्हाई लावला. त्या माणसानं आजवर एक पंप जळू दिला न्हाई." मी आजवर त्यांच्याशी असा बोललो नव्हतो. मॅडमही पुण्याहून आल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, उद्या तिथं कावळा बसला तरी पंप थांबतील. एक मिनिट सलग हौद भरलेला दिसला तरच पंप बंद व्हावेत, असं करून देते. ते आधीच करायला हवं होतं." साहेब जरा निवले. पण अट घातली, की पुढच्या महिन्यात ते स्वतः तीन नंबरला जाणार आणि हवालदारांनी त्यांना तो भिंतीवरचा पडदा चालवून दाखवायचा. जमलं तर राहतील.

हवालदारांना मी फोनवर सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गोदामात झाडं असत्यात का रं?"

मी म्हटलं, "टॉवेल काढा आधी त्या पडद्यावरचा."

आणि मग आमची शाळा सुरू झाली, फोनवर. तिकडे त्यांचा पडदा, इकडे माझा, मधे तीस-चाळीस किलोमीटरची तार.

"डाव्या कोपऱ्यात चौकोन दिसतोय?"

"दिसतोय."

"त्याला बोट लावा."

"लावलं. कायबी हाललं न्हाई."

"कितींदा लावलं?"

"दाबूनच धरलंय की!"

"आवं सोडा! ती बंदूक न्हाई, नुसतं शिवायचं आन सोडायचं."

पहिले आठ-दहा दिवस पालथ्या घड्यावर पाणी. रंगांवरून तर माझ्यापेक्षा कडाक्याचं भांडण. मी दमून फोन ठेवायचो आणि तेच परत घंटी द्यायचे, "चल, पुन्यांदा. लेफ्ट-राइट शिकाय बी महिना लागला व्हता मला." मग मी एक युक्ती केली. त्यांना म्हटलं, हे मशिन शिकायचंच नाही. रोज सकाळी मला फौजेसारखा रिपोर्ट द्यायचा, पण डोळ्यानं हौद बघून नाही, पडद्यावर वाचून. ते त्यांना पटलं. "तीन नंबर रिपोर्टिंग! हौद निम्मा, दोन पंप चालू, ताप नॉर्मल, सब ठीक!" असा आवाज यायला लागला आणि मला कळलं की जमलं.

साहेब वर गेले त्या दिवशी मी जेवलो नाही. दुपारी फोनची घंटा वाजली. पलीकडून हवालदार म्हणाले, "सायब झाडाची लिंबं घेऊन गेलं." एवढंच. मी समजलो. दोघंही खुळ्यासारखे हसत बसलो.

पण त्या आनंदात एक गोष्ट आमच्या ध्यानात आली नाही. सगळं पडद्यावर दिसतंय आणि सगळ्यांना चालवता येतंय, तर फोन कशाला? पावसाळ्यापूर्वी तार काढून नेली. काळा फोन भिंतीवर तसाच राहिला, दांडी फिरवली तरी नुसता कुरकुर आवाज. मोबाइलला तीन नंबरला रेंज नाही. आता मी माउस दाबला की पाणी सुटायचं. कुणाला विचारायचं नाही, कुणी "सोड" म्हणायचं नाही. काम सोपं झालं, बिनचूक झालं, हे मी नाकारत नाही. पण सकाळी कामावर आलो की हात भिंतीकडं जायचा. माझ्या गावावर आभाळ आलंय का, हे आपणहून सांगणारं कुणी उरलं नाही.

पुढच्या पाण्याच्या पाळीत एका सकाळी तीन नंबरच्या रेघेवर एक बारीक काटा उभा राहिला. क्षणात वर, क्षणात खाली. वाटलं, पाखरू असेल. दुसऱ्या सकाळी परत, माझी ड्यूटी सुरू व्हायच्याच वेळेला. तिसऱ्या दिवशी जीपचा ड्रायव्हर वरून खाली आला आणि म्हणाला, "हवालदारांनी इचारलंय, रामराम पोचतोय का?"

मी पडद्याकडं बघितलं आणि माझ्या अंगावर काटा आला. म्हातारा रोज सकाळी हौदाच्या कठड्यावरून वाकून सेन्सरखाली हात घालत होता. एक मिनिटाच्या आत काढला की पंपांना काही होत नाही, हे त्याला माहीत होतं, कारण ते त्याला मीच शिकवलं होतं!

मग मी जबाब कसा द्यायचा? पंप सुरू करायच्या आधी वरच्या माणसांना सावध करायला इथून भोंगा वाजवायची सोय होती. दुसऱ्या सकाळी काटा आला तसा मी भोंग्याच्या बटणाला एकदा टिचकी मारली. लगेच दुसरा काटा आला. पोचला म्हणायचा. त्यानंतर आमचा दिवस तसाच सुरू व्हायचा. बातम्या कळायच्या नाहीत, आभाळ कळायचं नाही, पण माणूस आहे एवढं कळायचं.

असं बरेच दिवस चाललं आणि एक दिवस पुण्याहून मॅडमचा फोन. "काका, तीन नंबरचा सेन्सर बिघडत चाललाय. रोज सकाळी रेघ उडते. माणूस पाठवते, सेन्सर बदलून टाकू, आणि खालपर्यंत पाइपच बसवू म्हणजे मधे काही येणार नाही."

पाइप बसला की हात जाणार नव्हता. साहेबांना कळलं तर परत गोदाम निघणार. पण मॅडमशी खोटं बोलायला जीभ वळेना. सांगून टाकलं सगळं, फोन गेल्यापासूनचं.

मग मॅडम म्हणाल्या, "तरीच. मी म्हणतेय, भोंग्याची टेस्ट रोज एवढ्या नेमानं कोण घेतं?" त्यांचा आवाज जरा ओला वाटला. रिपोर्टात त्यांनी लिहिलं, 'तीन नंबरच्या सेन्सरची आणि भोंग्याची रोज सकाळी हातानं तपासणी होते. पद्धत चांगली आहे, चालू ठेवावी.' त्या रिपोर्टावर साहेबांची सही आहे.

हवालदार रिटायर झाले तेव्हा पाण्याची पाळी चालू होती, त्यामुळं निरोपालाही मला वर जाता आलं नाही. त्यांच्या जागी नवा माणूस येणार नव्हता. तीन नंबर आता बिनमाणसाचं चालणार होतं. त्यांच्या शेवटच्या सकाळी नेमके साहेब कंट्रोल रूममध्ये आलेले, माझ्या खुर्चीमागं उभे.

रोजच्या वेळेला रेघ वर गेली. आणि वरच राहिली.

खाली आलीच नाही. घंटी वाजायला लागली, पडद्यावर पिवळी पट्टी आली आणि सेकंद उलटे मोजायला लागले. मिनिट भरलं की सगळे पंप बंद पडणार. मला वाटलं, कठड्यावर वाकताना म्हाताऱ्याचं काही झालं की काय. साहेब म्हणाले, "काय झालं? हौद भरला?"

"न्हाई साहेब." तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं. "हवालदार हायत. आज शेवटचा दिवस हाय त्यांचा. सलाम करत्यात."

साहेबांनी पडद्याकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. सेकंद सरकत होते. मला वाटलं, आता ओरडतील.

"मग बघताय काय?" साहेब म्हणाले, "भोंगा वाजवा."

मी बटण दाबलं ते दाबूनच धरलं. सोडायला सांगणारं कुणी नव्हतं. तिकडं माळावर तो भोंगा किती घुमला असेल ते घुमला असेल. मला इथं ऐकू येत नव्हता, पण मी रडत होतो आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. मिनिट भरायला थोडा वेळ राहिला आणि रेघ अलगद खाली आली. पंप थांबले नाहीत. दुसऱ्या सकाळपासून ती रेघ सरळच गेली.

पुढं मीही रिटायर झालो. साहेबांनी काय पाहिजे विचारलं. मी त्या दिवसाच्या रेघेचा कागद मागितला. सॉफ्टवेअर काही विसरत नाही, तारीख दिली की सगळं काढून देतं. त्याला चौकट करून घरात लावलाय. येणारे-जाणारे विचारतात, हा कुठला डोंगर? मी सांगतो, डोंगर न्हाई, हात हाय.

झेंडूचं बी हवालदारांनी जाताना जीपच्या ड्रायव्हरकडं दिलं होतं. ते आता आमच्या परसात आहे. गेल्या खंडेनवमीला मी विळे-कोयत्यांबरोबर त्या चौकटीलाही हार घातला. बायको ओरडली, "आवं, जित्या मानसाच्या फोटूला हार घालत्यात व्हय?"

"फोटू न्हाई, हत्यार हाय आमचं," मी म्हटलं.

तरी मनात पाल चुकचुकलीच. म्हणून कुंडलला फोन लावला. हवालदारांच्या हातात आता मोबाइल असतो, नुसतं शिवायचं आन सोडायचं, हे त्यांना पक्कं येतं. म्हटलं, "हवालदार, तुमच्या हाताला हार घातलाय. राग न्हाई ना?"

तिकडून तोच आवाज, जरा थकलेला. "जाड घातलास न्हवं?"

"जाड, लांब."

"पानी बंद पडलं का?"

"न्हाई हवालदार. आता कुठलं बंद पडतंय."

ते हसले. ठेवायच्या आधी माझ्या तोंडून आपोआप निघालं, "सोडू का?"

"थांब रं," हवालदार म्हणाले. "आदी सांग, तुझ्या गावावर आभाळ आलंय का?"